मराठी पान उघडलं की टर्मिनल बिघडतं: टेक्स्ट टर्मिनलवर ब्राउझर चालवताना

तक्रार साधारण अशी असते. जिनिंगच्या किंवा डाळ मिलच्या ऑफिसात हिशेबाचा प्रोग्रॅम टेक्स्ट टर्मिनलवर, म्हणजे सर्व्हरला केबलने जोडलेल्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या स्क्रीन-कीबोर्डवर, वर्षानुवर्षं विनातक्रार चालतो. त्याच टर्मिनलवर टेक्स्ट ब्राउझर उघडून कापसाचे भाव किंवा हवामानाचं पान पाहायला घेतलं की दोन-चार पानांत ओळी एकमेकींवर चढतात, कर्सर भलतीकडे जातो, कधी कीबोर्ड मुका होतो. टर्मिनल बंद करून चालू केलं की ठीक होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फोनवर "टर्मिनल अडकी गयं" यापलीकडे काही कळत नाही, आणि मग ब्राउझरला दोष देऊन दुसरा ब्राउझर टाकला जातो. त्यानेही काही फरक पडत नाही.

फरक न पडण्याचं कारण म्हणजे हा एक बिघाड नाही. केबल आणि पोर्टची लाइन, टर्मिनलचा प्रकार, आणि पानातून येणारी मराठी अक्षरं, असे तीन वेगळे बिघाड एकावर एक बसलेले असतात. खालचा थर नीट केल्याशिवाय वरचा तपासता येत नाही.

पुढचं सगळं व्हीटी२२० किंवा त्याच्या बरोबरीच्या टर्मिनलसाठी आहे. सर्व्हर लिनक्सचा, जोडणी सिरीयल पोर्टची, वेग ९६००. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत टाकायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. लिंक्स नावाचे ब्राउझर दोन आहेत आणि उच्चार एकच आहे. इथे लिंक्स म्हणजे एल-वाय-एन-एक्स, १९९२ पासूनचा कॅन्सस विद्यापीठातला. एल-आय-एन-के-एस हा १९९९ चा, वेगळा. पॅकेज टाकताना ही गल्लत नेहमी होते, आणि एकाची सेटिंग दुसऱ्याला लागत नाही.

आधी लाइन

ब्राउझर बाजूला ठेवा. सर्व्हरवरची एखादी लांब इंग्रजी मजकूर फाइल कॅट कमांडने स्क्रीनवर सोडा, निदान दहा स्क्रीन भरतील एवढी. एकही अक्षर गळलं, एकही ओळ मोडली, तर दोष लाइनचा आहे.

हिशेबाचा प्रोग्रॅम चालतो म्हणजे लाइन चांगली आहे, हा समज इथे अडचणीत आणतो. ९६०० वेगाला आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट धरला तर एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. पूर्ण स्क्रीन ८० गुणिले २४, म्हणजे १९२० अक्षरं, दोन सेकंदांचं काम. हिशेबाचा प्रोग्रॅम एका वेळी एखादा रकाना बदलतो, दहा-वीस अक्षरं. ब्राउझर प्रत्येक पानाला पूर्ण स्क्रीन नव्याने काढतो. टर्मिनलचा बफर सुमारे अडीचशे अक्षरांचा, म्हणजे पाव सेकंदाचा. तो भरत आला की टर्मिनल सर्व्हरला "थांब" सांगतो, हा झॉफ. मोकळा झाला की "चालू दे", हा झॉन. हा निरोप सर्व्हर पाळत नसेल तर हिशेबाच्या प्रोग्रॅमला कधीच कळणार नाही, कारण त्याने बफर कधी भरलेलाच नसतो. ब्राउझरला पहिल्याच पानात कळतं.

ओळखायची खूण अशी: स्क्रीनवर मधूनच चौकोनी कंस, त्यापुढे सात आणि एम, किंवा "२४;१" आणि मोठा एच असं काही उघडं दिसतं. हे तुकडे म्हणजे टर्मिनलला दिलेल्या आज्ञा आहेत. त्यांचं पहिलं अक्षर, एस्केप, वाटेत गळलं, म्हणून उरलेली आज्ञा मजकूर म्हणून छापली गेली.

टर्मिनलवर एफ३ दाबून सेट-अपमध्ये जा. कम्युनिकेशनच्या स्क्रीनवर वेग ९६००, ८ बिट नो पॅरिटी, आणि "झॉफ अॅट ६४" ठेवा. "नो झॉफ" असेल तर दुखणं तिथेच आहे. स्क्रोल "स्मूद" ऐवजी "जंप" करा. स्मूद स्क्रोलमध्ये टर्मिनल ओळ हळूहळू सरकवतो आणि बफर लवकर भरतो. सगळं झाल्यावर "सेव्ह" करायला विसरू नका. सेव्ह न केलेली सेटिंग वीज गेली की जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाते. "काल नीट केलं होतं, आज परत बिघडलं" या तक्रारीमागे कितीदा तरी एवढंच निघतं.

सर्व्हरच्या बाजूने तपासायचं ते ब्राउझर चालू असताना, दुसऱ्या टर्मिनलवरून: "एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस१ -ए", यातला पहिला एफ मोठा, टीटीवायनंतरचा एसही मोठा. उत्तरात "आयएक्सऑन" हा शब्द शोधा. त्याच्या आधी उणे चिन्ह असेल तर ब्राउझरने, किंवा मधल्या एखाद्या प्रोग्रॅमने, झॉफ पाळणं बंद केलं आहे. एका टर्मिनलवर अनेक प्रोग्रॅम उघडे ठेवणारा टीमक्स हे हमखास करतो. एकाच टर्मिनलवर हिशेब आणि ब्राउझर दोन्ही उघडे ठेवायला टीमक्सच्या जागी त्याच कामाचा जीएनयू स्क्रीन घ्या आणि त्याच्या सेटिंग फाइलमध्ये "डेफफ्लो ऑन" ही ओळ घाला. एवढं करूनही अक्षरं गळत असतील तर दोन्हीकडे वेग ४८०० करा. पान दोन सेकंदांऐवजी चार सेकंदांनी येईल, पण पूर्ण येईल.

केबलबद्दल थोडक्यात. सर्व्हरचा ९ पिनी आणि टर्मिनलचा २५ पिनी कनेक्टर जोडताना वायर ओलांडायची नसते: २ ला २, ३ ला ३, आणि ९ पिनीच्या ५ ला २५ पिनीचा ७. दोन्ही प्रकारांत पाठवण्या-घेण्याच्या पिन मुळातच उलट आहेत, त्यामुळे सरळ जोडणीतच अदलाबदल होते. दोन्हीकडे २५ पिनी असेल तर मात्र २ आणि ३ ओलांडा, ७ ला ७. लांबी १५ मीटरच्या आत ठेवा. जिनिंगमध्ये केबल थ्री-फेजच्या वायरिंगबरोबर एकाच पाइपातून नेलेली असते. मोटार सुरू होताना कचरा उमटतो तो यामुळे. वजनकाट्याच्या केबिनचं अर्थिंग ऑफिसपेक्षा वेगळं असेल तर मध्ये ऑप्टो आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा) बसवल्याशिवाय ती लाइन ओढू नका. नाहीतर मृगाच्या पहिल्या कडकडाटात दोन्हीकडचे पोर्ट जातात.

यूएसबी-सिरीयल अडॅप्टर दोन-तीन असतील तर वीज येऊन-जाऊन त्यांची नावं बदलतात. काल शून्य क्रमांकाचा होता तो आज एक होतो, आणि काट्याची सेटिंग मुनीमजींच्या टर्मिनलला लागते. /डेव्ह/सिरीयल/बाय-पाथ मधली नावं वापरा. ती यूएसबीच्या भोकाला बांधलेली असतात. स्वस्त अडॅप्टरांना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून बाय-आयडीचा तिथे उपयोग नाही.

मग टर्मिनलचा प्रकार

लॉगिन करून "टर्म" या व्हेरिएबलची किंमत पाहा. ती व्हीटी२२० असायला हवी. सिस्टमडीवरच्या (आजच्या बहुतेक लिनक्सच्या) सर्व्हरवर पोर्टवर लॉगिन देणारी सिरीयल-गेटी सेवा ती बरोबर देते, पण पुढे वापरकर्त्याच्या प्रोफाइल फाइलमध्ये कुणीतरी "टर्म म्हणजे एक्सटर्म" अशी ओळ टाकून ठेवलेली असते, विंडोजवरून सर्व्हरला जोडणाऱ्या पुट्टी या प्रोग्रॅममधून रंग दिसावेत म्हणून. ती ओळ दर लॉगिनला बरोबर किंमत पुसते. बाणाची कळ दाबल्यावर दुवा सरकण्याऐवजी कंस आणि ए-बी-सी-डी उमटणं ही याचीच खूण.

सिरीयल लाइनला स्क्रीनचं माप कळत नाही. "एसटीटीवाय साइझ" विचारलं तर शून्य-शून्य येतं किंवा आधीच्या लॉगिनचं माप येतं. "एसटीटीवाय रोज २४ कॉलम्स ८०" ही ओळ प्रोफाइलमध्ये ठेवा. बाण तरीही चुकत असतील तर लिंक्सच्या ऑप्शनमध्ये दुव्यांना क्रमांक देण्याची सोय आहे. ७ टाइप करून एंटर केलं की सातवा दुवा उघडतो. रोज भाव पाहणाऱ्याला बाणांपेक्षा हेच लवकर जमतं.

वायस ५० टर्मिनल असेल तर ठळक किंवा उलट्या रंगातल्या अक्षरांआधी एक रिकामी जागा जाते आणि रकाने सरकतात. ती त्या टर्मिनलची रचनाच आहे. ब्राउझरसाठी ते वापरू नका.

आता मराठी अक्षरं

लाइन स्वच्छ आहे, प्रकार बरोबर आहे, इंग्रजी पानं ठीक दिसतात, आणि मराठी पान उघडताच धिंगाणा होतो. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण बिघाड दर वेळी वेगळा दिसतो. पानावर कोणती अक्षरं आली त्यावर तो ठरतो.

व्हीटी२२० १९८३ चा. त्याला देवनागरी येत नाही, आणि वेबपानांवर मराठी ज्या संकेतात येते तो यूटीएफ-८ तर तेव्हा नव्हताच. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन बाइट होतात (आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर): पहिला कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा अक्षराप्रमाणे ८० ते बीएफ. यातले ८० ते ९एफ हे बाइट व्हीटी२२० साठी अक्षरं नाहीत, आज्ञा आहेत. पान आपल्याला मजकूर वाटतं. टर्मिनलला त्यातली निम्मी अक्षरं हुकूम वाटतात.

हलंत घ्या. त्याचे बाइट ई०, ए५, ८डी. व्हीटी२२० ला ८डी म्हणजे "कर्सर एक ओळ वर". म्हणजे प्रत्येक जोडाक्षराला कर्सर एक ओळ वर चढतो. "धुळे" बिनधोक जातं, "धुळ्याचा" मध्ये ओळ वर उडी मारते. कर्सर आधीच सगळ्यात वरच्या ओळीवर असेल तर पूर्ण स्क्रीन एक ओळ खाली ढकलली जाते. उलट, "अ" चा तिसरा बाइट ८५, म्हणजे "पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जा". "अमळनेर" लिहिलेली प्रत्येक ओळ तिथेच तुटते. एका पानात अ आणि जोडाक्षरं दोन्ही भरपूर असतात. मजकूर वर-खाली नाचतो तो असा.

"छ" चा शेवटचा बाइट ९बी, हा आज्ञेची सुरुवात सांगणारा. त्याच्या पुढचा मजकूर आज्ञेचा भाग समजून गिळला जातो. "ऐ" चा ९० त्याहून वाईट: तो लांबलचक आज्ञा उघडतो आणि ती बंद करणारा ९सी किंवा एस्केप येईपर्यंत टर्मिनल काहीच छापत नाही. हा ९सी "ज" मध्ये असतो. "ऐवज" या एका शब्दात ऐ ने स्क्रीन गप्प होते आणि ज ने पुन्हा सुरू होते. "ऐन हंगामात" असं आलं तर पुढचा ज किंवा एस्केप येईपर्यंत मजकूर गायब.

यातलं सगळ्यात त्रासाचं अक्षर मात्र दिसायला निरुपद्रवी आहे. ऐकाराची मात्रा, "पैसे" मधली, तिचा शेवटचा बाइट ८८, म्हणजे "कर्सर आहे तिथे टॅबचा थांबा लाव". स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण थांबे लागलेले राहतात. ब्राउझर बंद करून हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये परत गेलं की नावे-जमेचे रकाने सरकलेले दिसतात, आणि दोष हिशेबाच्या प्रोग्रॅमवर जातो. उपाय साधा: ब्राउझरमधून बाहेर आल्यावर "टॅब्स -८" ही कमांड द्या, दर आठ घरांवर थांबे परत लागतात.

हे सगळं आठ बिटांच्या लाइनवर. सात बिट आणि इव्हन पॅरिटीवर चालणारी जुनी लाइन असेल तर चित्र पूर्ण बदलतं, कारण प्रत्येक बाइटचा वरचा बिट कापला जातो. ई० चा होतो उलट्या स्वल्पविरामासारखा तिरपा टिंब (बॅकटिक), ए४ चा डॉलर, ए५ चा टक्का. "राम" या शब्दाच्या जागी तिरपा टिंब-डॉलर-शून्य, तिरपा टिंब-डॉलर-मोठेपणाचं चिन्ह, तिरपा टिंब-डॉलर-पूर्णविराम असं दिसतं. स्क्रीनभर डॉलर आणि टक्के दिसले की लाइन सात बिटांची आहे, दुसरं काही तपासायची गरज नाही. आठ बिटांच्या लाइनवर डॉलरऐवजी जागोजागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए दिसतो.

सात बिटांच्या लाइनवर कीबोर्ड का मुका होतो तेही इथेच कळतं. "ओ" या स्वराचा शेवटचा बाइट ९३. वरचा बिट गेला की उरतो १३, आणि १३ म्हणजे झॉफ. टर्मिनलला वाटतं सर्व्हरनेच "थांब" सांगितलं. तो कळा पाठवणं बंद करतो. "ऑ" चा ९१, कापून ११, म्हणजे झॉन. म्हणून "ओळख" शब्दावर कीबोर्ड अडकतो आणि खाली कुठे "ऑनलाइन" आलं की आपोआप सुटतो. पानावर ऑ नसेलच तर अडकलेलाच राहतो. ओकाराची मात्रा यात नाही, फक्त शब्दाच्या सुरुवातीचा सुटा ओ.

अडकलेलं टर्मिनल सोडवणं

अडकण्याचे प्रकार दोन, आणि कळफलकावरून ते सारखेच दिसतात. शेजारच्या टर्मिनलवरून त्या पोर्टवर काहीही पाठवा: "एको टेस्ट", पुढे मोठेपणाचं चिन्ह (>) आणि पोर्टचं नाव, रूट म्हणजे सर्वाधिकार असलेल्या लॉगिनने. "टेस्ट" तिकडे उमटलं तर सर्व्हरकडून येणारी बाजू मोकळी आहे, कीबोर्डची बाजू अडकली आहे. काहीच उमटलं नाही किंवा कमांड लटकून राहिली तर सर्व्हरची बाजू थांबली आहे.

सर्व्हरची बाजू थांबली असेल तर त्या टर्मिनलवर कंट्रोल-क्यू. बऱ्याचदा कुणाचा तरी हात कंट्रोल-एस वर पडलेला असतो, किंवा एफ१ दाबलं जाऊन होल्ड स्क्रीनचा दिवा लागलेला असतो. एफ१ पुन्हा दाबा.

कीबोर्डची बाजू अडकली असेल तर कंट्रोल-क्यूने काही होणार नाही, कारण तो सर्व्हरला जाणारा निरोप आहे आणि थांबलेला आहे टर्मिनल. सेट-अपमध्ये जाऊन "क्लिअर कॉम" करा. किंवा दुसऱ्या टर्मिनलवरून झॉन पाठवा: "प्रिंटएफ", एकेरी अवतरणात उलटी तिरपी रेघ आणि ०२१, मग मोठेपणाचं चिन्ह आणि पोर्टचं नाव. हा ०२१ अष्टमान आकडा आहे, म्हणजेच हेक्समधला ११.

स्क्रीन फक्त विस्कटली असेल, अडकली नसेल, तर लिंक्समध्ये कंट्रोल-एल ने ती नव्याने काढली जाते. प्रॉम्प्टवर असाल तर कंट्रोल-जे, "रीसेट", पुन्हा कंट्रोल-जे. एंटरऐवजी कंट्रोल-जे, कारण बिघडलेल्या लाइनवर एंटर कधी कधी ओळ संपवत नाही.

टर्मिनलची वीज बंद-चालू करणं हा शेवटचा उपाय ठेवा. त्याने लक्षण जातं आणि कारण शोधायची संधीही जाते.

पुन्हा होऊ नये म्हणून

टर्मिनलला फक्त साधी रोमन अक्षरं जातील अशी व्यवस्था दोन ठिकाणी लागते, एका ठिकाणी करून भागत नाही. पहिलं लोकेल, म्हणजे सर्व्हरची भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग: टर्मिनलवरच्या लॉगिनसाठी "एलसी_ऑल" ची किंमत नुसती सी हवी, यूटीएफ-८ नको. दुसरं लिंक्सची "डिस्प्ले कॅरेक्टर सेट", ती यूएस-आस्की. लिंक्सच्या सेटिंग फाइलमध्ये "लोकेल_कॅरसेट" चालू असेल तर लिंक्स स्वतःची सेटिंग सोडून लोकेलचं ऐकतो, म्हणून दोन्ही पाहायचं. पानाचा संच यूटीएफ-८ समजावा हेही सांगून ठेवा, "-अझ्यूम_कॅरसेट" ने. काही सरकारी पानं स्वतःचा संच सांगत नाहीत.

नीट करूनही परत-परत बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र सामायिक लॉगिन आहे. एकच लॉगिन टर्मिनलवरही वापरतात आणि विंडोजच्या पीसीवरून पुट्टीतूनही. पीसीवर कुणी लिंक्सच्या ऑप्शनमध्ये यूटीएफ-८ निवडून "सेव्ह" केलं, की ते घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या लिंक्सआरसी फाइलमध्ये जाऊन बसतं आणि सर्व्हरभरची सेटिंग झाकतं. दुसऱ्या दिवशी टर्मिनलवर नाच सुरू. टर्मिनलसाठी वेगळं लॉगिन करा. ते जमत नसेल तर प्रोफाइल फाइलमध्ये "टीटीवाय" कमांडचं उत्तर तपासा: नावात टीटीवायएस किंवा टीटीवाययूएसबी असेल तरच व्हीटी२२०, एलसी_ऑल सी, २४ बाय ८० आणि लिंक्सला यूएस-आस्कीचा पर्याय लावा, नसेल तर काहीच बदलू नका.

एवढ्याने टर्मिनल सुरक्षित होतं, पण मराठी मजकूर वाचता येत नाही. वाचायचा असेल तर रोमनमध्ये उतरवून घ्या. आयसीयू या युनिकोडच्या प्रोग्रॅमसंचातली "यूकॉन्व्ह" कमांड हे करते: लिंक्सला "-डंप" आणि यूटीएफ-८ देऊन पान बाहेर काढा, ते पाइपने यूकॉन्व्हला द्या, "-एक्स" पर्यायाला "एनी-लॅटिन; लॅटिन-आस्की" हा नियम द्या (मध्ये अर्धविराम), आणि निघालेलं पानापानाने दाखवणाऱ्या लेस मध्ये पाहा. शब्दाच्या शेवटचा अ तो गाळत नाही: भाव हा बी-एच-ए-व्ही-ए असा दिसतो. ळ आणि ल दोन्ही एल होतात. दोन दिवसांत डोळा सरावतो. ही साखळी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून तिला "भाव" असं रोमन नाव दिलं की मुनीमजींना पत्ता टाइप करायची गरज उरत नाही.

सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रावरचं देवनागरी टर्मिनल अजून कुठे चालू असेल, तर ते यूटीएफ-८ नाही, इस्की समजतं, म्हणजे १९९१ चं आयएस १३१९४ मानक. त्याला यूटीएफ-८ चे बाइट पाठवले तर अर्थ लागणार नाही. तिथे यूकॉन्व्हने यूटीएफ-८ चं इस्की करा, लिप्यंतर नको.

सुरक्षित पानं उघडत नाहीत

"एसएसएल एरर" आलं की आधी तारीख पाहा, "डेट" कमांडने. सर्व्हरच्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज जाऊन आल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि प्रत्येक प्रमाणपत्र "अजून लागू झालेलं नाही" ठरतं. सेल मल्टिमीटरवर पाहा. नवा ३ व्होल्टच्या किंचित वर असतो, २.७ च्या खाली गेला असेल तर बदला.

घड्याळ बरोबर असेल तर सुरक्षित जोडणी (टीएलएस, जुनं नाव एसएसएल) सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलची आवृत्ती पाहा. टीएलएस १.२ यायला निदान १.०.१ लागते, टीएलएस १.३ ला १.१.१. टीएलएस १.० आणि १.१ चा वापर २०२१ मध्ये अधिकृतपणे बंद करायला सांगितला गेला. जुनी आवृत्ती घेऊन बसलेला ब्राउझर आज बहुतेक ठिकाणी दारातच अडतो. तिसरी शक्यता मुळाची प्रमाणपत्रं जुनी असण्याची. मोफत प्रमाणपत्रं देणारं लेट्स एन्क्रिप्ट ज्यावर उभं होतं ते जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि त्यानंतर अद्ययावत न केलेल्या सर्व्हरवर असंख्य साइट एकदम बंद पडल्या. सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज नवं करा. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून ठेवणं हा उपाय नाही, विशेषतः जिथे पासवर्ड टाकला जातो तिथे.

हिशेबाचा सर्व्हर इतका जुना असेल की हे काहीच नवं होत नाही, स्कोचं युनिक्स असेल, तर त्याला हात लावू नका. शेजारी एक छोटी लिनक्स पेटी ठेवा, ब्राउझर तिच्यावर चालवा, आणि जुन्या सर्व्हरवरून टेलनेटने तिच्यात शिरा. टेलनेटवर पासवर्डसकट सगळं उघडं जातं म्हणून तो ऑफिसच्या नेटवर्कबाहेर जाऊ देऊ नका. पेटी म्हणून रास्पबेरी पाय घेतली आणि टर्मिनल थेट तिलाच जोडायचं असेल तर मध्ये मॅक्स३२३२ चा लेव्हल कन्व्हर्टर लागतोच. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, सिरीयल लाइन उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंत जाते. सरळ जोडलं तर पाय जळते.

काय होणार नाही

जीएसटी पोर्टल आणि ई-वे बिलाची साइट टेक्स्ट ब्राउझरवर चालणार नाही. लॉगिनला चित्रातला कॅप्चा आहे आणि पानं जावास्क्रिप्टवर उभी आहेत. लिंक्स आणि डब्ल्यू-थ्री-एम (दुसरा एक टेक्स्ट ब्राउझर) जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. त्यासाठी एक साधा पीसी वेगळा ठेवा. अख्खा क्रोमियम किंवा फायरफॉक्स टर्मिनलमध्ये दाखवणारे कार्बोनिल आणि ब्राउश हे प्रोग्रॅम आहेत, पण सिरीयल टर्मिनलसाठी त्यांचा विचार करू नका. ते एका घराचे दोन रंग सांगायलाच ३८ अक्षरं खर्चू शकतात, वर चिन्हाचे तीन बाइट. १९२० घरांचे झाले जवळपास ७९ हजार बाइट. ९६०० वेगाला एक स्क्रीन भरायला ८० सेकंदांहून जास्त. आणि व्हीटी२२० ला ते रंग आणि ती चिन्हं मुळातच कळत नाहीत.

भावाच्या तक्त्यांसाठी लिंक्सपेक्षा डब्ल्यू-थ्री-एम घ्या. लिंक्स तक्ता अनेकदा उलगडून ओळीत मांडतो, त्यामुळे किमान, कमाल आणि सरासरी भाव कोणता ते कळत नाही. डब्ल्यू-थ्री-एम रकाने जागेवर ठेवतो. त्याला "-नो-ग्राफ" द्या म्हणजे चौकटी साध्या चिन्हांनी काढल्या जातील, आणि "-ओ", इथे ओ मोठा, ने यूएस-आस्की. हा ब्राउझरही लोकेल पाहतो, वरची एलसी_ऑलची सेटिंग त्यालाही लागते.

शेवटची तपासणी कामगारांच्या हाती टर्मिनल देण्याआधीची. लिंक्समध्ये उद्गारचिन्ह दाबलं की थेट शेल उघडतो, म्हणजे भाव पाहायला बसलेला माणूस हिशेबाच्या फाइलींपर्यंत पोचू शकतो. लिंक्स "-अॅनॉनिमस" पर्यायाने सुरू करा, आणि त्या लॉगिनला हिशेबाच्या फोल्डरची परवानगीच देऊ नका.